हँग झालेला कम्प्युटर आणि अम्मीची झोप

कम्प्युटर बंद पडणे आणि कम्प्युटर हँग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद पडलेला कम्प्युटर निदान खरे बोलतो. दिवा विझतो, पंखा थांबतो, आपण दुरुस्ती करणाऱ्याला बोलावतो. हँग झालेल्याचा दिवा मात्र जळत असतो, अंग गरम असते, आणि हाक मारली तर तो ओ देत नाही. वर्गात अशी मुले असतात. हजेरीच्या वेळी ‘हाज़िर’ म्हणतात आणि नंतर दिवसभर कुठे असतात ते त्यांनाच ठाऊक. अशा मुलाला ओरडून काही उपयोग नसतो, हे शिकवायला लागल्यावर वर्षभरात कळते. कम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण सगळेच ओरडतो. म्हणजे प्लग काढतो आणि पुन्हा लावतो.

आमच्या घरातला हा कम्प्युटर पत्त्यांच्या कॅटाएवढा आहे. रास्पबेरी पाय त्याचे नाव. ब्रिटनमध्ये २०१२ साली शाळकरी मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावे म्हणून हे स्वस्त कम्प्युटर निघाले. आमचा २०१९ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीचा आहे. त्याच्यावर होम असिस्टंट नावाचा मोफत प्रोग्राम चालतो. एका डच प्रोग्रामरने तो २०१३ मध्ये सुरू केला आणि जगभरच्या हौशी लोकांनी वाढवला. घरातले दिवे, पंखे, मोटारी, घंट्या या सगळ्यांना हा प्रोग्राम एका जागी बांधतो, आणि इंटरनेट नसले तरी घरातल्या घरात काम करतो. म्हणूनच माझ्या धाकट्या भावाने तो निवडला. तो सौदीत दम्मामला एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. २०२३ च्या रमज़ान ईदला, म्हणजे २२ एप्रिलला, तो सुट्टीवर घरी होता. शिरखुर्मा खाऊन झाल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याने बॅगेतून डबे काढले आणि गच्चीपासून हौदापर्यंत वायरी ओढायला सुरुवात केली.

सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. त्या वर्षी आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचे. येईल त्या दिवशी कधी येईल याचा भरवसा नसे. कधी संध्याकाळी असरच्या सुमारास, कधी रात्री दोन वाजता. आले की दोन-अडीच तास चालते. तेवढ्यात नळाचे पाणी जमिनीतल्या हौदात घ्यायचे आणि हौदातून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे. त्या रात्री झोप लागली तर पुढचे चार दिवस घागरी घेऊन शेजाऱ्यांच्या दारात. अब्बा होते तोवर पाण्याची रात्र त्यांची असायची. ते गेल्यावर अम्मीने ती आपल्याकडे घेतली. तिचे गुडघे दुखतात, रात्री जिना चढताना ती भिंतीला धरून चढते. मी म्हणायची, मी जागते. ती म्हणायची, तुला सकाळी शाळा आहे.

भावाने केलेली सोय साधी होती. हौदात पाणी चढू लागले की तरंगणारा खटका कम्प्युटरला कळवणार. कम्प्युटर मोटार सुरू करणार. गच्चीवरची टाकी भरली की तिथला खटका कळवणार आणि कम्प्युटर मोटार बंद करणार. हौद रिकामा झाला तरीही बंद करणार. माझ्या फोनवर संदेश, त्याच्या फोनवर संदेश. अम्मी झोपून राहणार. जाताना तो तिला म्हणाला, “अम्मी, अब तुमे रात कू उठना नक्को. ये उठता.” तिने त्या डबीवर हात फिरवला, जणू कोणाच्या तरी डोक्यावर फिरवत होती.

पहिला महिना सवा महिना सगळे ठीक चालले. जूनमध्ये एका रात्री पावणेतीनला शेजारच्या खालांनी दार वाजवले. आमची गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, पाणी पन्हाळीतून थेट गटारात. मोटार सुरूच होती. हाताने बंद केली. खाला काही वाईट बोलल्या नाहीत, पण उजाडेपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळले होते. ज्या गल्लीत लोक हंड्या-कळशांचा हिशोब ठेवतात, तिथे एका घराचे पाणी अर्धा तास गटारात जाणे ही लहान गोष्ट नाही. वाहत्या नदीकाठी वुज़ू करतानाही पाणी जपून वापरावे, हे आपण मुलांना मक़तबमध्ये शिकवतो. अम्मी दोन दिवस कोणाच्या दारात बसायला गेली नाही.

कम्प्युटर पाहिला तर लाल दिवा जळत होता. फोनवरून उघडत नव्हता. भावाला फोन लावला. त्याच्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. तो म्हणाला, “आपा, रिस्टार्ट मार. हो जाता.” प्लग काढला, लावला. दोन मिनिटांत सगळे जागे झाले, जणू काही घडलेच नव्हते.

नंतर आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा.

आता प्रत्येकाकडे आपापले कारण होते. भाऊ म्हणाला, गरमी. सोलापूरच्या उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश म्हणजे नेहमीचेच, तेव्हा त्याचा संशय रास्त होता. वायरमन चाचा म्हणाले, वाय-फाय जात असणार. खाला म्हणाल्या, घराला नज़र लागली आहे, एवढे मशीन घरात आणतात का. माझ्या एका सहकाऱ्याचे मत होते की फुकटचे सॉफ्टवेअर असेच असते. त्यांच्या स्वतःच्या विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची काय अवस्था असते ते मला स्टाफरूममध्ये रोज दिसते, पण ते असो.

बी.एड.ला आम्हाला कृतिसंशोधन करायला लावले होते. समस्या लिहा, संभाव्य कारणे लिहा, त्यातले एक घ्या, उपाय करा, नोंद ठेवा. बहुतेकांनी ते मागच्या वर्षीच्या फायलींवरून उतरवून काढले. मी ‘आठवीच्या विद्यार्थ्यांच्या लेखनातील चुका’ असा काहीतरी विषय घेतला होता. ती फाईल कुठे गेली माहीत नाही, पण तिचा साचा डोक्यात राहिला होता. मी शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, पाण्याचा दिवस की कोरडा, मोटार चालू होती का, बाहेरची गरमी, लाल दिवा, माझा फोन त्याला पोचतो का. शेवटचा रकाना रिकामा ठेवला. नंतर काय सुचेल सांगता येत नाही.

गरमीचे कारण वहीने लवकर खोडले. या कम्प्युटरच्या चिपला ऐंशी अंशांच्या पुढे गेल्यावर त्रास व्हायला लागतो, तेव्हा ती स्वतःहून वेग कमी करते. आमची मे महिन्याच्या भर दुपारी सत्तरपर्यंत गेलेली नोंद होती आणि तेव्हा ती नीट चालली होती. जो हँग व्हायचा तो बहुतेक रात्री, तोही जूननंतर, पहिला पाऊस पडून गेल्यावर. वाय-फायचे कारणही टिकेना. वाय-फाय गेले तर घरातली बाकीची यंत्रेही तुटतात. इथे तसे नव्हते. बाकी सगळे जाळ्यावर हजर, फक्त हाच गप्प. मेमरी भरत असेल असे भाऊ म्हणाला. त्याने दम्मामहून तिचा आलेख काढून पाठवला. महिनाभराची रेघ तळ्याच्या पाण्यासारखी सपाट.

मग लॉग. कम्प्युटर स्वतःची डायरी लिहीत असतो, क्षणाक्षणाची. मला वाटले होते तिथे तरी काही सापडेल. हँग झाला त्या रात्रीची पाने उघडली. रात्री २ वाजून ११ मिनिटे, हौदात पाणी आले. २ वाजून ११ मिनिटे, मोटार सुरू. त्यानंतर कोरे. थेट पहाटेची नोंद, आम्ही प्लग काढून लावल्यानंतरची. दुसऱ्या रात्रीचे पाहिले. तेच. ना चूक, ना तक्रार, ना शेवटचा शब्द. वाक्य लिहिता लिहिता कोणीतरी उठून गेल्यासारखे.

असल्या बिघाडाला भाऊ ‘बिना वजह का हँग’ म्हणू लागला. मला ते पटेना. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला बिना वजह म्हणणे परवडत नाही. वजह असते, फक्त तिची साक्ष नसते. आणि साक्ष का नसते, हा प्रश्न मला हळूहळू मूळ प्रश्नापेक्षा मोठा वाटू लागला. या कम्प्युटरमध्ये एक सोय आहे. त्याला विचारले की, तुला वीज कधी कमी पडली होती का, तर तो एका आकड्यात उत्तर देतो. आत्ता कमी पडते आहे की सुरू झाल्यापासून कधीतरी पडली होती, दोन्ही त्या आकड्यात असते. पण ‘सुरू झाल्यापासून’. प्लग काढून लावला की पाटी कोरी. म्हणजे जो उपाय आम्ही सगळे करत होतो, तोच साक्षीदाराला घराबाहेर काढत होता.

मी घरात नियम केला. हँग झाला तर मोटार हाताने बंद करायची, पण मी पाहिल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही.

अम्मी काही बोलली नाही. भाजी निवडत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मैं तो निकालती ना बीच बीच में.”

“क्या निकालती?”

“पिलग. रात कू उठ को देखती मैं. फोन में ऊ घर का निशान गोल गोल घूमता रहा की समझती, ये सो गया. निकाल को लगाती. फिर चलता.”

“कित्ते बार हुआ अम्मी?”

“कौन गिनता गे!”

भावानेच जाताना तिला शिकवून ठेवले होते, काही झाले तर एवढे करायचे. वहीत माझ्याकडे पाच नोंदी होत्या. त्या रात्री तिच्याशी बोलून बोलून, कोणत्या दिवशी कोण आले होते, कधी मटण आणले होते, अशा खुणांवरून आठवत आठवत, त्या अकरा झाल्या. म्हणजे ती पाण्याच्या प्रत्येक रात्री उठत होती. पूर्वी पाण्यासाठी उठायची, आता पाण्यावर नज़र ठेवणाऱ्यावर नज़र ठेवायला उठत होती. पूर्वी पाणी आल्याचा आवाज आला की उठायची. आता आवाज नसला तरी दोनदा-तीनदा उठायची, कारण हे यंत्र जागे आहे की झोपले, ते आवाजावरून कळत नाही.

मी विचारले, सांगितले का नाही. ती म्हणाली, “उसकू नक्को बोल. कित्ते पैसे लगाया बेचारा. वां गर्मी में मरता, और यां का भी टेन्शन.” भावाला ती दर शुक्रवारी फोनवर सांगत होती की मशीन एकदम बढ़िया चालते. तो तिकडे आपल्या दोस्तांना सांगत होता की माझी अम्मी आता रात्री उठत नाही.

खरी अडचण इथे होती. बिघाड सापडला तर त्याला सांगावे लागणार. नाही सापडला तर अम्मी अशीच उठत राहणार.

अकरा नोंदी झाल्यावर रकाने बोलू लागले. अकरापैकी दहा पाण्याच्या दिवशीच्या. अकरावी एका कोरड्या दुपारची होती, ती मी बाजूला ठेवली. पण पाण्याच्या प्रत्येक दिवशी तो हँग होत नव्हता. आपली मोटार हे कारण असेल, तर दुपारी मोटार चालू-बंद करून दाखवता यायला हवे. एका रविवारी मी पंधरा वेळा मोटार चालू-बंद केली. काही झाले नाही. अम्मी म्हणाली, मोटार जाळशील.

शेवटी धागा सापडला तो तिच्याच तोंडून. पलंगावरून तिला कम्प्युटरचा कोपरा दिसतो. ती सहज म्हणाली, “पानी की रात कू ऊ लाल बत्ती आँख मिचकती.” मला वाटले, तिच्या डोळ्यांचे काहीतरी असेल, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. पण पुस्तिकेत शोधले आणि मग बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. या कम्प्युटरच्या लाल दिव्याचा अर्थ फक्त ‘वीज आहे’ असा नाही. त्याला पाच व्होल्ट लागतात. ते साधारण ४.६३ च्या खाली गेले की लाल दिवा विझतो, पुन्हा वर आले की लागतो. म्हणजे तो मिचकणारा डोळा सांगत होता की माझ्यापर्यंत पुरेशी वीज पोचत नाही. तीन महिने तो सांगत होता आणि पलंगावरची एक बाई तेवढी ऐकत होती.

प्लगमध्ये खोचायचे, लाल आकडे दाखवणारे छोटे मीटर आणले. दुपारी २२६ व्होल्ट. पुढच्या पाण्याच्या रात्री मी जागी राहिले. दोनला दहा कमी असताना नळ फुसफुसला. गल्लीत एकेका घरातून मोटारी सुरू झाल्या. आमच्या गल्लीत चाळीसेक घरे आहेत आणि सगळी एकाच जुन्या वीजवाहिनीवर. २२०. २०४. १९०. दहा मिनिटांत १६८. शिवाय मोटार सुरू होताना पहिल्या क्षणी तिला नेहमीच्या पाच-सहा पट करंट लागतो, त्यामुळे प्रत्येक नवीन मोटारीबरोबर आकडा एकदम खाली जाऊन वर यायचा. आणि त्याच वेळी लाल दिवा मिटत होता, उघडत होता. पंधरा मोटारी चालू असताना सोळावी सुरू झाली की तो हमखास मिटायचा. रविवारी दुपारी माझ्या एकटीच्या मोटारीने तो का मिटला नाही, ते आता कळले. दुपारी गल्ली झोपलेली होती.

पण मिटून पुन्हा उघडणे वेगळे आणि हँग होणे वेगळे. त्यासाठी मी जुना टीव्ही त्या कम्प्युटरला जोडून ठेवला. डायरीत जे लिहिले जात नाही, ते पडद्यावर तरी दिसते का ते पाहावे म्हणून. तिसऱ्या पाण्याच्या रात्री सापडले. सकाळी पडद्यावर पांढऱ्या ओळी तशाच थिजलेल्या होत्या. पहिल्या ओळीत व्होल्टेज कमी झाल्याचा इशारा. त्याच्या खाली, डिस्क तुटली. आणि मग ओळीमागून ओळ, लिहिता येत नाही, वाचता येत नाही, लिहिता येत नाही.

सगळे एका क्षणात जुळले. कम्प्युटरचे सगळे सामान, त्याचे प्रोग्राम, त्याची डायरी, हे यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर होते. तिला वीज त्या कम्प्युटरमधूनच मिळते. व्होल्टेज क्षणभर पडले की कम्प्युटर कसाबसा तग धरायचा, पण डिस्क दम सोडायची. मग कम्प्युटर जिवंत, दिवा चालू, आणि स्मरणशक्ती गेलेली. डायरी कोरी का असते तेही कळले. लिहिणारा लिहायला तयार होता, त्याच्या हातातून डायरीच काढून घेतली होती. आणि हे नेहमी मोटार सुरू केल्यावरच का, तर पाणी आल्यावरच तो मोटार सुरू करतो आणि पाणी आल्यावरच गल्ली मोटारी लावते. ज्या घडीला त्याची गरज, त्याच घडीला त्याचा घास हिरावला जात होता. खाला त्याला नसीब म्हणतात.

आता प्रश्न उरला चार्जरचा. गल्लीचे व्होल्टेज मी सुधारू शकत नाही. पण चांगला चार्जर शंभर ते दोनशे चाळीस व्होल्टपर्यंत काहीही आले तरी पाच व्होल्ट देतो, तसे त्याच्या पाठीवर छापलेले असते. आमच्या चार्जरवरही छापलेले होते. तीन अँपिअर हेही छापलेले होते. छापायला काय लागते! शिवाय त्याची वायर दोन मीटर लांब आणि दोऱ्यासारखी बारीक. आठवीच्या मुलांना मी फळ्यावर हे गणित देते. बर्क़ी रौ दोन अँपिअर, वायरची मुज़ाहमत पाव ओम, तर वाटेत किती व्होल्ट हरवले? अर्धा. मुले उत्तर काढतात आणि वही मिटतात. पाच पूर्णांक एकमधून अर्धा गेला तर उरले ४.६. लाल दिवा ४.६३ ला मिटतो. वर्गातले गणित इतके तंतोतंत घरात येऊन उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले. नंतर मुलांना हेच उदाहरण दिले. त्या दिवशी वही मिटायची घाई कोणी केली नाही. एकाने विचारले, “मैडम, फिर पानी का क्या हुआ?”

पाच पूर्णांक एक व्होल्ट, तीन अँपिअरचा, आखूड आणि जाड वायरीचा खास याच कम्प्युटरसाठी बनवलेला चार्जर पुण्याहून मागवला. बाकी कशालाही हात लावला नाही. तीच डिस्क, तीच जागा, तेच प्रोग्राम. चार पाण्याच्या रात्री गेल्या. १६५ पर्यंत आकडा खाली गेला, लाल दिवा मिटला नाही, हँग नाही.

इथे कोणीही थांबला असता. पण चार रात्री हँग न होणे यापूर्वीही एकदा घडले होते, वहीत होते. म्हणून पाचव्या वेळी मी नवा चार्जर काढून जुना लावला. अम्मीला हे अजिबात पटले नाही. “अच्छा हुआ मरीज़, उसकू फिर ज़हर देती क्या?” मी म्हटले, आज मी जागते, पाणी वाया जाणार नाही. मोटारीच्या खटक्याजवळ खुर्ची टाकून वही मांडीवर घेऊन बसले. पहिल्या रात्री काही झाले नाही. दुसऱ्या रात्री, म्हणजे त्यानंतरच्या पाण्याला, २ वाजून ३५ मिनिटांनी दिवा तीनदा मिचकला आणि टीव्हीवर पांढऱ्या ओळी आल्या. मी उठून मोटार हाताने बंद केली. त्या ओळी पाहून मला झालेला आनंद अम्मीला विचित्र वाटला असणार. ती दारात उभी होती, उठलीच होती.

त्याच रात्री नवा चार्जर परत लावला. तो ऑक्टोबर २०२३ होता.

भावाला सांगायचे होते. चार्जर त्यानेच घेतलेला, दम्मामच्या एका दुकानातून, खास कम्प्युटरसाठीचा म्हणून पूर्ण पैसे देऊन. दुकानदाराने दुसरेच काहीतरी चांगल्या डब्यात घालून दिले होते. अम्मीचे म्हणणे, सांगूच नको, झाले ना आता ठीक. मला ते पटत नव्हते. तो तिथे आणखी दोघा दोस्तांच्या गावाकडच्या घरांसाठी हेच सामान त्याच दुकानातून घेणार होता. मी वहीची पाने फोटो काढून पाठवली. अकरा नोंदींची सगळी, त्यात अम्मीने आठवून सांगितलेल्याही. टीव्हीचा फोटो पाठवला. गणित पाठवले. कुठेही ‘तुझा चार्जर’ असे लिहिले नाही, ‘जुना चार्जर’ लिहिले.

दोन दिवस निळ्या खुणा होत्या आणि उत्तर नव्हते. तिसऱ्या दिवशी जुम्याच्या नमाज़नंतर फोन आला. चार्जरबद्दल तो एक शब्द बोलला नाही. म्हणाला, “आपा, अम्मी हर रात कू उठती थी?” मी हो म्हटले. तो म्हणाला, फोन तिला दे. त्यांचे काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, स्वयंपाकघरात गेले. अम्मी मोठमोठ्याने हसत होती, त्यावरून ती त्याला समजावत असावी.

नंतर त्याचा हट्ट सुरू झाला, वॉचडॉग लावू या. हा एक पहारेकरी असतो. कम्प्युटरने दर काही सेकंदांनी त्याला हाक द्यायची. पंधरा सेकंद हाक आली नाही तर तो स्वतःच कम्प्युटर रिस्टार्ट करतो. हा जूनमध्येच लावायला हवा होता, असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, जूनमध्ये लावला असता तर आजही कळले नसते की झाले काय होते. तो दर वेळी रिस्टार्ट करून साक्ष पुसत राहिला असता आणि आपण त्याला शाबासकी देत बसलो असतो. शिवाय आमच्यासारख्या बिघाडात तो खात्रीचा नाही. डिस्क गेली तरी आतला मुख्य प्रोग्राम मेमरीत जिवंत राहू शकतो आणि कुत्र्याला भाकर टाकत राहतो, कुत्रा म्हणतो घर ठीक आहे. कारण सापडल्यावर लावायला माझी हरकत नव्हती. आता लावला आहे.

मात्र मी आणखी एक गोष्ट करून घेतली, ती भावाला फारशी आवडली नाही. वायरमन चाचांकडून गच्चीवरच्या टाकीत एक साधा तरंगता खटका बसवून घेतला, थेट मोटारीच्या वायरीत. टाकी भरली की तो मोटार तोडतो. त्याला ना कम्प्युटर लागतो, ना वाय-फाय, ना दम्माम. आणि हौदाच्या खटक्याला बॅटरीवरची एक घंटा, दाराला असते तसली. कम्प्युटर हुशार आहे, संदेश पाठवतो, हिशोब ठेवतो, कोणत्या महिन्यात किती वेळ पाणी चालले ते दाखवतो. ते सगळे त्याने करावे. पण पाणी गटारात जाऊ न देण्याचे काम मी त्या पत्त्यांच्या कॅटावर एकट्यावर ठेवायला तयार नव्हते. भाऊ म्हणाला, मग ऑटोमेशनचा फायदा काय? चाचा म्हणाले, बेटा, मस्जिदीत लाऊडस्पीकर आला म्हणून मुअज़्ज़िनचा आवाज कोणी काढून टाकतो का.

ती कोरड्या दिवसाची अकरावी नोंद पुढच्या उन्हाळ्यात सुटली. शेजारच्या घरी बोअर घेतला तेव्हा वेल्डिंग चालू झाले आणि माझ्या मीटरचा आकडा नाचू लागला. मग अम्मीला आठवले, गेल्या वर्षी त्या दुपारी समोरच्या घराच्या लोखंडी जिन्याचे काम चालले होते.

मार्च २०२४ मध्ये रमज़ान सुरू झाला. सहरीच्या वेळी पाणी आले तर घंटा वाजते, मोटार सुरू होते आणि अम्मी पोळ्या लाटत राहते. इतर दिवशीही तिला पहाटे तीनला जाग येतेच, ती तहज्जुद पढते आणि पुन्हा पडते. एकदा मी पाहिले तर कम्प्युटरवर तिच्या जुन्या ओढणीचा तुकडा टाकलेला. मी म्हटले, अम्मी, याने गरम होतो तो, हवा लागू दे. ती म्हणाली, ती लाल बत्ती सरळ डोळ्यांवर येते, नींद नाही लागत. मी ओढणी काढली आणि फक्त त्या दिव्यावर चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावून दिला.